दीड आटा

चार दिवस झाले, दोरी ओढली की
मशीनच मव्हा हात माघारी ओढायलंय.
खोंड कासरा हिसकतं तसं.
नाही, खोंडालाबी काहीतरी कारण असतंय.
मनगट सुजून बाभळीच्या गाठीगत झालं.
बायकोनं हळद-चुना चोपडला, म्हणाली,
"झाड राहिलं बाजूला, तू दोरीनंच जाशील."

टाकळगावच्या शाळेच्या भिंतीवर निंब कलंडलाय.
पोरं मारुतीच्या पारावर पाढे म्हणायलेत,
सरपंचाचा रोज फोन : ग्यानोबा, कव्हा?
मी आधी पेट्रोलला शिव्या दिल्या.
मग ऑइलला. मग प्लग काढून
धोतराच्या चिंधीनं पुसला,
चुलीजवळ तापवला, पुन्हा बसवला.
दोरी ओढली.
तोच हिसका,
थेट खांद्यापस्तोर.

लोह्याला, बसस्टँडच्या मागं,
गफूर मिस्त्रीचं दुकान आता त्याची लेक चालवती, तस्लीम.
फवारणीचे पंप, एका कानाचा पंखा,
खिळ्याला टांगलेल्या मेलेल्या चेना.
तिनं मशीन बघितलंच नाही आधी. मनगट बघितलं.
"दोरी हात को लपेटते क्या?"
"हौ."
"नक्को लपेटो. उंगलियां जाते."

कव्हर उघडलं. चार स्क्रू वाटीत टाकले.
वाटीवर कुणाच्यातरी लग्नाची तारीख कोरलेली.
मग चाकाला अंगठा लावून
तिनं हलकंच ढकललं,
आन् चाक हललं.
पडायला आलेला दात हलतो, तेवढंच.

तिनं सांगितलं ते मला असं कळलं :
चाकात लोहचुंबक, ते कॉइलसमोरून गेलं की ठिणगी.
चाक दांड्यावर नेमकं बसवणारी एक चावी असती.
ती तुटली. चाक सरकलं.
ठिणगी आता येळेच्या आधी पडायलीय.
दट्ट्या अजून जिन्यात असतो
आन् वरून कुणी तोंडावर दार आपटतं.
तो तसाच उलटा खाली येतो,
येताना तुमचा हात घेऊन.

चिमट्यानं तिनं चावीचा तुकडा काढला.
तुरीच्या डाळीची फाक, त्याहून बारीक.
चार दिवस मी ह्याच्याशी कुस्ती खेळत होतो.

"ये नट कौन कसा?"
"नांदेडचा मिस्त्री," मी म्हणालो.
ती काही बोलली नाही.
नटाच्या सहाही कडांवर पकडीच्या दातांचे वण,
आन् मव्ह्या पिशवीतून पकड डोकावायलेली,
मुठीला लाल टेप.

कॅनॉलच्या कडंला व्हतो त्या रात्री. टॉर्च दातात धरलेली.
टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न.
जरा हललं असंल चाक तव्हाच,
पर मी म्हणालो, पुरे एवढं.

दांडा तिनं कोरड्या फडक्यानं पुसला, दोनदा.
"इधर तेल नक्को. सूखाच होना."
नवी चावी. लांब मुठीचा पाना. टक् होईपर्यंत.
मग मशीन जमिनीवर, मुठीत पाय,
दोरी मव्ह्या हातात दिली :
पहिलं सावकाश, अडतंय तिथपर्यंत,
मग एकदम, मधी भ्यायचं नाही.

मी भ्यालो. पहिल्यांदा अर्धीच ओढली.
दुसऱ्यांदा फुरफुरलं.
तिसऱ्या ओढीला सगळं दुकान धुरानं भरलं
आन् दोरी गुमान
आपल्या घरात परत गेली.

एकशेवीस झाले. दीडशे दिले.
तीस परत देताना ती म्हणाली,
"पक्कड घर को रखो, चाचा."

निंब सकाळी बघू.
रात्री पाना घेऊन बसलो :
कुकरची मूठ, पोराच्या सायकलचं सीट,
मोटरसायकलचा आरसा.
बायको म्हणाली, "काय धुंडायलास?"
म्हणालो, काही नाही.
आम्ही निजतो त्या लोखंडी पलंगाच्या
एका पायाचा नट
दीड आटा फिरला.